धुऊन दिलेला स्फटिक

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आसेगावात कोणालाही विचारा. एस.टी. उशिरा आली तर कंडक्टरला, वर्गात मागच्या बाकावर कोणी खुसफुसलं तर त्याला, आणि कोणीच हाताशी लागलं नाही तर स्वतःला, रोज कोणाला तरी मी झाडतेच. माय म्हणते, "हे पोरगी नाकावर मिरची ठेवूनच जलमली." अशी मी, पण जिथं तोंड उघडायला हवं होतं नेमकी तिथंच गप्प बसले. त्याचं मला आज इतकं वाईट वाटतं की कधीकधी स्वयंपाक करता करता हात थांबतो.

मी कारंज्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सुट्टी लागली की कॉलेज आपल्याला ओळखत नाही. पण मनातून विचाराल तर मी शिकवणारी बाई नव्हेच. मी स्फटिक वाढवणारी बाई. आता वाढवणारी म्हणू की वाढवायची म्हणू, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

लेसरच्या कामाला लागणारे स्फटिक खणून काढत नाहीत, ते वाढवावे लागतात. पाण्यात क्षार विरघळवायचा, मावेल तेवढा. गाळून घ्यायचा. मग त्याच क्षाराचा एक बारीक, बिनडागाचा दाणा नायलॉनच्या धाग्याला बांधून त्यात सोडायचा. त्या दाण्याला आम्ही बीच म्हणतो. आणि मग ते पाणी इतकं हळू थंड करायचं की पाण्यालाही कळू नये. थंड होता होता क्षार पाण्यात मावेनासा होतो आणि बियाण्यावर येऊन बसतो, थरावर थर. घाई केली की स्फटिक आतून दुधाळ होतो. धूळ पडली की तळाशी भलतेच दाणे उगवतात आणि खाद्य ओढून घेतात. वावरात वाढलेल्या पोरीला याहून जास्त समजवायची गरज नसते, हे तण आणि हे पीक.

एवढी मरमर कशासाठी? तर एक लेसर असा असतो की त्याचा उजेड डोळ्याला दिसतच नाही. तो अशा स्फटिकातून पार गेला की त्यातला काही हिरवा होऊन बाहेर पडतो. न दिसणारं आत घालायचं आणि हिरवंगार बाहेर काढायचं. माझं नवं काम एवढंच होतं की जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या क्षारात दुसरा एक पदार्थ चिमूटभर मिसळायचा आणि हिरवा जास्त निघतो का ते पाहायचं. चिमूट किती, आणि ती मिसळल्यावरही स्फटिक सरळ वाढतो की वाकड्यात शिरतो, यातच माझी सगळी उमेद गेली.

त्या क्षाराचं नाव पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. नावानं घाबरू नका. कोणत्याही कृषी केंद्रात जाऊन बावन-चौतीस मागा, हेच हातात देतील. शून्य-बावन-चौतीस. सोयाबीन शेंगा धरायला लागलं की फवारतात ते. प्रयोगशाळेतलं जास्त शुद्ध, एवढाच काय तो फरक. वर्गात मी ही गंमत दरवर्षी सांगायचे आणि पोरं हसायची. माझे पीएच.डी.चे सर तर पाहुण्यांना माझी ओळखच करून द्यायचे, "या खताचे हिरे करतात."

फक्त मायला मी हे कधी सांगितलं नाही.

बाप गेल्यावर माय लोकांच्या वावरात फवारणीच्या टोळीत जायची. पुरुष पाठीवर पंप घेत, बाया डोक्यावरून पाणी आणून ड्रममध्ये औषध कालवत. काठी सापडली नाही तर माय कोपरापर्यंत हात घालून बावन-चौतीस ढवळायची. संध्याकाळी घरी आली की हात रापलेले, नखांच्या कडांना पांढरं. त्या हातांनी तिनं मला शिकवलं. आणि एवढं शिकून मी कुठं पोचले? त्याच ड्रमापाशी! मला लाज वाटली हो. उगीच नाही सांगत, खरंच वाटली. त्यात एक दिवस हापशीवर मी ऐकलं, माय बायांना सांगत होती, "माही पोरगी हिरे बनवते कॉलेजात. धाग्याले बांधून वाढवते." तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी आल्यावर मी म्हटलं, "हिरे नाही आई, पण तसंच समज." तिनं तसंच समजलं.

आता मायची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरून बाहेर जाणारी वस्तू ती धुऊनच देते. डबा, ताट, उसना आणलेला गंज म्हणजे मोठं पातेलं, शाळेत द्यायची फोटोची फ्रेमसुद्धा. मी लहान असताना एकदा ज्यांच्या वावरात ती कामाला जायची त्यांच्या घरी आम्ही पितळी गंज परत द्यायला गेलो. घरची बाई ओट्यावर आली, "ठेव तिथं" म्हणाली, आणि माय दोन पावलं मागं सरकल्यावर तिनं तांब्याभर पाणी त्या गंजावर ओतलं. मग उचलला.  त्या दिवसापासून माय घरची वस्तू इतकी घासायची की पुढच्यानं पाणी ओतायला कारणच शोधत बसावं. माझा शाळेचा डबा राखेनं असा घासलेला असायचा की त्यात तोंड दिसे. मी कुरकुर केली की म्हणायची, "लोकं आपली वस्तू पह्यले उलटून पाह्यतात व बाई. त्याईले नाव ठेवाले जागाच कायले ठेवाव?"

मुठीएवढा स्फटिक निघाला तो थंडीच्या दिवसांत. त्याआधी किती दुधाळ झाले, किती तळाशी पडले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. हा मात्र पाण्यासारखा स्वच्छ होता. कडा अशा सरळ की वाटे कोणी पट्टी लावून ओढल्यात. मी तो उजेडात धरून पाहिला आणि एकटीच खोलीत "अगं बाई गं!" म्हणून ओरडले.

सरांनी लगेच दूरच्या एका शहरातल्या मोठ्या लेसर प्रयोगशाळेत फोन केला. तिथं स्फटिक वाढवणारं माणूस हवं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुमचा स्फटिक अखंड घेऊन या, आम्ही कापून, घासून, लेसरखाली लावून पाहू. चांगला निघाला तर इथंच राहा आणि हेच करा. म्हणजे जन्मभर हेच! तास नाहीत, परीक्षांचे गठ्ठे नाहीत, दर जूनला "यंदा घेतील का?" हा घोर नाही. सर म्हणाले, "फक्त जपून न्या. त्यांना कापायला द्यायला एकच तुकडा आहे आपल्याकडे."

असा स्फटिक हवेतल्या दमटपणानंही मंद होतो, म्हणून मी त्याला पातळ तेलाचा हात लावला. कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि आदल्या दिवशी आसेगावला घेऊन आले, कारण निघताना मायच्या पाया पडायचं होतं. डबा ठेवला बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या फळीवर. घरातली तीच जागा सगळ्यात कोरडी, आणि तिथल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. माय सोडून.

मायनं संध्याकाळी झाकण उघडून पाहिलं. "हात लावू का?" विचारलं. मी म्हटलं, "नको, हाताच्या गरमीनंही बिघडतो." ती हसली, "बाप्पा! नवसाचंच लेकरू झालं हे तं." आणि झाकण लावलं. हाताच्या गरमीचं मी सांगितलं. पाण्याचं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. हिरा कधी पाण्याला भितो का? तिनं तसं समजावं ही व्यवस्था मीच करून ठेवली होती.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मी न्हाणीत होते. बाहेरून मायचं गुणगुणणं ऐकू येत होतं, वंदनेतल्या ओळी. चुलीवर माझ्यासाठी पाणी तापवून झाल्यावरही तिनं अजून एक गंज चढवला होता. मला वाटलं स्वतःसाठी असेल.

केस पुसत बाहेर आले तर अंगणात उन्हाच्या पट्ट्यात धुतलेला पांढरा टॉवेल अंथरलेला, आणि त्यावर माझा स्फटिक. कडा गेलेल्या. गुळगुळीत, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा. आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, आरपार भेग.

मायनं धुणं केलं होतं त्याचं. रात्रभर गारठलेल्या स्फटिकावर गरम पाणी! गार पाण्यानं तेलकट जात नाही, म्हणून गरम. ती उकिडवी बसली होती, नेसलं लुगडं चांगलं, मला फाट्यावर सोडायला यायचं म्हणून. हात राखेनं करडे झालेले.

"पाह्य, कसा चकचक करून देला," ती म्हणाली. "तेलकटच घेऊन चालली होतीस व! येवढ्या मोठ्या लोकाईत नेतं, अन त्याले कापूस चिकटेल! काय म्हनतीन थे लोकं? असाच आनला म्हनतीन."

मी तिच्यासमोर खाली टेकले.

मग तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. तिनं स्फटिक जरा वळवला. "हे मधातली रेघ... धुताखेप कट्ट झालं होतं जरासं. पन थे पह्यलेचीच हाय ना?"

जगावर खेकसणारी मी. त्या क्षणी माझ्या तोंडात काय काय आलं असेल, सांगवत नाही. पण तिचे ते हात समोर होते. आणि ती माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती जसं तिनं कधीकाळी त्या ओट्यावरच्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं असेल.

"हाव," मी म्हटलं. "पह्यलेचीच हाय."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं स्वतः कापूस गुंडाळला, डबा बंद केला, माझ्या पिशवीत ठेवला. फाट्यापर्यंत आली. बस आल्यावर कंडक्टरला बजावलं, "भाऊ, पिशवी वरतं नोको ठेवू, हिरा हाय त्याच्यात." बसमध्ये दोघं-तिघं हसले. मंगरूळपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारची बाई म्हणाली, "सासरी चालली का व?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगू, कपाळ?

जाऊ नये असं शंभरदा वाटलं, तरी गेले. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी डबा उघडला, स्फटिक उजेडात धरला, बोटानं भेगेवरून रेघ ओढली आणि विचारलं, "याला पाणी लागलं का?" मी म्हटलं, माझ्या हातून लागलं. त्यांनी हळूच दाबलं तर दोन तुकडे झाले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, एवढ्या लांबून आलात तर निदान बघून जा. त्यातला एक कपचा त्यांनी लेसरसमोर लावला, दिवा मालवला आणि पुढे पांढरा कागद धरला.

हिरवा ठिपका. अहो, असा हिरवा मी कधी पाहिला नव्हता! गव्हाच्या कोवळ्या पात्यालाही तो रंग नाही. जो उजेड कोणालाच दिसत नव्हता तो माझ्या फुटक्या दगडातून हिरवा होऊन कागदावर बसला होता. मी वेड्यासारखा कागदाला हात लावून पाहिला.

"पदार्थ चांगला आहे," मॅडम म्हणाल्या, "पण आम्हाला अखंड वाढवलेला हवा. परत वाढवून आणा."

परत! सांगायला सोपं असतं ते. मी परतले तोवर सत्र संपत आलं होतं. पुढच्या वर्षी कॉलेजनं माझ्या प्रयोगाची खोली कॉम्प्युटर लॅबला दिली, स्फटिक वाढवायची माझी पाण्याची टाकी जिन्याखाली गेली आणि तिथं तिच्यात खडूचे खोके ठेवले. सर निवृत्त झाले. त्या जागेवर अखंड तुकडा घेऊन आलेलं दुसरं कोणी तरी बसलं, आणि त्याचं मी वाईट चिंतत नाही. थोडं चिंतलं असेल, देवाशपथ म्हणायला आमच्याकडे देव नाही म्हणून सोडून द्या.

घरी मायनं विचारलं, "पसंत पडला?"

"हिरवा उजेड पडला," मी म्हटलं. "समदे पाह्यत राह्यले." हे खरंच होतं. "मंग तुले ठेवून कायले नाही घेतलं?" तर म्हटलं, त्यांच्याकडे जागा नव्हती. तिनं प्रयोगशाळेला दोन कचकचीत शिव्या घातल्या आणि विषय संपला.

संपला कसला! तिथूनच सुरू झाला. तेव्हापासून आमच्या घरी कोणी येवो, मायची ती गोष्ट ठरलेली. पाहुण्यांना, अंगणवाडीच्या बाईला, गावात आलेल्या तलाठ्याला. "माह्या पोरीनं हिरा बनवला. तेलकटच नेऊन राह्यली होती येडी. मंग मीच राखेनं घासून, गरम पान्यानं धुऊन देला. तिकडे मोठ्या मोठ्या लोकाईनं पाह्यला, हिरवा उजेड पडला त्याच्यातून." शेवटी हात असा उलटा करून दाखवायची, "एक डाग नाही ठेवला."

ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी उठून आत जायचे. भांडी आदळायचे. कधीकधी वाटायचं ओरडून सांगावं, बास कर गं माय, तूच घालवलास तो! जीभ चावायचे. मला वाटायचं, मी तिच्यासाठी केवढं सोसते. आता वाटतं, जरा बसून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? सबंध जन्मात लोकांच्या घरी दिलेल्या वस्तूंपैकी ही एकच, जिच्यावर कोणी पाणी ओतलं नाही असं तिला वाटत होतं.

यंदा शाळेतल्या बाईंनी मुलांना स्फटिक दाखवा म्हणून गळ घातली. कॉलेजात आता साधा क्षारही मिळत नाही. मी विचार केला, त्यात काय, कृषी केंद्रातून पुडा आणू. आणला. रविवारी दुपारी ओसरीत बसून पाणी तापवलं आणि पुडा फोडला. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला अक्षरं फारशी येत नाहीत, पण पुड्यावरचे आकडे तिला झोपेतही ओळखू येतील.

"बावन-चौतीस कायले आनलं व? आपल्याले कुठं वावर हाय?"

"शायेतल्या पोराईले स्फटिक करून दाखवाचे हाय."

मी बोलले आणि चमचा तसाच हातात राहिला. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. मी गरम पाण्यात टाकलेला पांढरा क्षार दिसेनासा होत होता, तिकडं ती बघत राहिली. ते तिनं हजारदा पाहिलेलं होतं.

"थो बी याचाच होता?"

माझ्याजवळ तयार खोटं नव्हतं. "हाव."

 चुलीवर पाणी उकळत राहिलं. मग ती म्हणाली, "अन मी त्याच्यावर आधनाचं पानी ओतलं." आणि थोड्या वेळानं, "थे रेघ मंग माहीच."

"आई, ते तसं नाही, तो कापताना—"

"गप बस." ती रागावली नव्हती. तेच वाईट. "येवढंच सांगतलं असतं व मले, का हे बावन-चौतीस हाय. दुसरं काही नाही सांगाव, हिरा-गिरा. ह्या हातानं ढवळलं व मी थे. मी त्याले पान्याच्या जोळ तरी जाऊ देलं असतं का?"

  मी तिच्या हातांची लाज वाटून तिला हिऱ्याची गोष्ट दिली, आणि त्या हातांना जे पक्कं ठाऊक होतं तेच नेमकं लपवलं. स्फटिक गेला त्याचं दुःख झालंच, पण स्फटिक पुन्हाही होतो. हे पुन्हा होण्यातलं नाही.

तिनं परत शेंगा घेतल्या. सोलता सोलता एकदाच विचारलं, "थो हिरवा उजेड तरी खरा होता का थेबी..." मी म्हटलं, "खरा होता आई, तुझी शपथ." तिनं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

परवाच्या पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. इंझोरीहून सून करून आणलेली एक नवी पोरगी मायजवळ येऊन बसली. तिला कोणी तरी सांगितलं असणार. मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आजी, तुमीच धुऊन देला होता ना थो हिरा? सांगा ना मले थे गोष्ट."

बाया सरसावून बसल्या. सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती, तरी.

मायनं पदर सारखा केला. "नाही व बाई," ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं."

मी मागच्या रांगेत होते. न राहवून मी मोठ्यानं म्हटलं, "मायनंच धुऊन देला होता. राखेनं घासून. एक डाग नाही ठेवला." बाया हसल्या, ती नवी पोरगी माझ्याकडे वळली. मायनं मात्र मागं पाहिलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले, आणि मग वंदना सुरू झाली.